सतरा नंबरची फरशी

"भिंतीला टेकून उभे राहा," प्राध्यापक दस्तगीर मुजावर म्हणाले. "डावा खांदा भिंतीला, डावं पाऊलही भिंतीला. अगदी चिकटून. हं. आता उजवा पाय उचला."

भगवंत कुंभोजकर नांदणे शहराचे रस्ते अभियंता होते. पंचावन्न वर्षांत त्यांना कोणी असा हुकूम सोडला नव्हता. त्यांनी उजवा पाय उचलायला जोर लावला. पाय जागचा हलला नाही. त्यांनी दात आवळून पुन्हा जोर लावला.

"आयला! सर, खाली लोहचुंबक लावलाय काय?"

प्रयोगशाळेत हसू उमटलं. हसणारे दोघंच होते, सत्तरी ओलांडलेले मुजावर सर आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी डॉ. शाल्मली हेगिष्टे. शहराच्या रस्त्यांखाली बसवलेली 'पाऊलवेध' यंत्रणा शाल्मलीच्या डोक्यातून आली होती.

"चुंबक नाही," सर म्हणाले. "एक पाय उचलायचा तर सगळा भार दुसऱ्या पायावर न्यावा लागतो. त्यासाठी शरीर आधी झुकतं. भिंत आडवी आली, तुम्हाला झुकता आलं नाही. आता इकडं मोकळ्यात या आणि सावकाश उचला."

जमिनीतल्या फरशीवर कुंभोजकरांनी पाय उचलला. समोरच्या पडद्यावर एक रेघ आधी किंचित खाली गेली आणि मग वर चढली.

"बघा. जो पाय उचलायचा, त्याच पायानं आधी जमीन दाबली. त्या दाबानं शरीर दुसरीकडं ढकललं गेलं आणि मग पाय उठला. या दोन्हींच्या मध्ये साधारण अर्धा सेकंद जातो. माणसाला स्वतःला याचा पत्ता नसतो. आम्ही त्याला पूर्वझोक म्हणतो."

"आणि हा झोक फरशीखालचे तुमचे कान ऐकतात."

"कंपकान," शाल्मली म्हणाली. "प्रत्येक कोपऱ्यावर पदपथाच्या फरशांखाली ते बसवलेत. जमिनीची बारीकशी थरथरसुद्धा ते टिपतात. यंत्रणेच्या बोधजालानं, म्हणजे स्वतःच शिकणाऱ्या तिच्या मेंदूनं, प्रत्येक कोपऱ्यावर दोन महिने शिकवणी घेतली. आधी कोणती थरथर आली आणि नंतर माणूस रस्त्यात उतरला का, एवढंच ते पाहत गेलं. जोड्या जुळवत गेलं. काय बघायचं हे आम्ही त्याला सांगितलं नाही, ते त्याचं त्यानंच शोधलं. आता झोक जाणवला की आसपासच्या स्वयंचालित गाड्यांना इशारा जातो आणि माणूस उतरायच्या आधी त्या थांबू लागतात."

"ते समदं बरोबर आहे," कुंभोजकर खुर्चीत बसत म्हणाले. "मग हौदाच्या तिकटीवर घोडं कुठं अडलं? ते सांगा."

शाल्मलीने पडद्यावर दोन आकडे आणले. हौदाच्या तिकटीवर तीन रस्ते मिळत होते आणि एका अंगाला नगरपरिषदेची शाळा होती. रस्त्यात उतरणाऱ्या शंभर पावलांपैकी नव्याण्णवांचा इशारा गाड्यांना वेळेत मिळे. शहरात इतका चांगला आकडा दुसरीकडे नव्हता. गेल्या सोमवारी तो एक्क्याऐंशीवर आला आणि तिथेच राहिला.

उरलेली एकोणीस पावलं बहुतेक मुलांची होती. मोठी माणसं चालत कडेपर्यंत येतात आणि त्यांच्या चालीवरूनच बराच अंदाज लागतो. मुलं उभी असतात आणि अचानक पळतात. अर्ध्या सेकंदात गाडी चार मीटर पुढे आलेली असते.

काल त्या एकोणिसांपैकी एक पाऊल तिसरीतल्या सायमाचं होतं. गाडी तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. गुडघा खरचटला, दप्तर रस्त्यात पडलं, बाकी काही झालं नाही. शाल्मलीने त्या क्षणाचं चित्रण काल संध्याकाळपासून तीसेक वेळा पाहिलं होतं.

"कंपकान तपासले?" सरांनी विचारलं.

"सगळे. एकही बिघडलेला नाही."

"मग सोमवारी काय बदललं?"

शाल्मलीने एक कागद पुढे ओढला. "फरशी क्रमांक सतरावर एक बाई पायमशीन घेऊन बसायच्या. दप्तरं शिवायच्या, चेनी बदलून द्यायच्या. सोमवारी त्यांना तिथून हलवलं. शिफारस माझी होती."

तिने ती वाचूनही दाखवली. सतराव्या फरशीवरील शिलाईच्या पायमशीनचा सततचा कंप हा नोंदींतील गोंगाट असून तो हटवल्यास यंत्रणेची अचूकता वाढेल. खाली तिची सही होती.

"म्हणजे अडथळा काढला आणि आकडा घसरला," कुंभोजकर म्हणाले. "मॅडम, हे म्हणजे खड्डा बुजवल्यावर गाडी जास्त आदळायला लागली, असं झालं. आणि येत्या सोमवारी तुमच्याच यादीतले आणखी आठ कोपरे मोकळे करायचेत. पथक ठरलंय, गाड्या ठरल्यात. मी करू का नको?"

तो गुरुवार होता. सोमवारला चारच दिवस उरले होते.

मुजावर सर खिडकीपाशी गेले. वर्गात फळ्यासमोर एखादं गणित अडलं की ते असेच पाठमोरे होत.

"शाल्मली, तुला गोंगाट नको होता. पण बोधजालानं तो गाळला असेल असं तुला का वाटलं?"

"सर?"

"तूच आता म्हणालीस, काय बघायचं ते त्याचं त्यानं शोधलं. मग त्यानं काय शोधलं ते बघितलंस? कंप म्हणजे न ऐकू येणारा आवाज. ऐकू येईल असा कर की."

तिने सतराव्या फरशीच्या जुन्या नोंदी काढल्या आणि कंपाचा आवाज केला. प्रयोगशाळेत पायमशीन चालू लागलं. खटखटखटखट. पायपट्टी खालीवर होत होती, मध्येच वेग वाढत होता, जाड पट्ट्यावर मंदावत होता. तिघंही ऐकत राहिले.

मशीन थांबलं.

एक सेकंद काहीच नाही. दुसरा सेकंद संपत असताना एक लहानसं, धावतं पाऊल फरशीवर आपटलं. पडद्यावर इशाऱ्याची लाल खूण होती. ती पावलापाशी नव्हती. जिथे मशीन थांबलं, तिथे ती होती.

शाल्मलीने दुसरी नोंद लावली. खटखटखट, शांतता, पाऊल. तिसरी. चौथी. विसाव्या नोंदीपर्यंत तिने कोणाकडे पाहिलं नाही.

"बोधजाल मुलांची पावलं ओळखत नव्हतं," ती म्हणाली. "मशीन थांबलं की गाड्या थांबवत होतं."

"पण सोमवारपासून तर मशीन थांबलेलंच आहे," कुंभोजकर म्हणाले. "मग गाड्या कायमच्या थांबायला नकोत?"

"तुमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं. ते बंद पडलं की लगेच लक्षात येतं, कसलं तरी चुकतंय," सर म्हणाले. "पण ज्या खोलीत घड्याळच नाही, तिथं काय थांबल्याचं कळणार? इशारा थांबण्यात होता. त्यासाठी आधी चालू असायला हवं."

कुंभोजकर एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "अन् ते भित्र्या गाड्यांचं! आठवतं का मॅडम? मी दोनदा तक्रार केली होती, तिकटीवर कोण नसताना गाड्या उगीच थबकतात म्हणून. दिवसातनं दहा-बारा वेळा."

"आठवतं. तसं का होतं, ते मला कधी कळलं नव्हतं."

"चला," सर म्हणाले, "ज्यांना माहीत आहे त्यांना विचारू."

पायमशीनवाल्या मालन कोरे यांना मंडईमागच्या नव्या फेरीवाला संकुलात गाळा मिळाला होता. गाळा स्वच्छ होता, वर पंखा होता आणि समोर पांढरी भिंत होती. बासष्ट वर्षांच्या मालनताई मशीनवर हात ठेवून त्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. शाल्मलीला पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"या. तुमीच न्हवं का फूटपट्टी घेऊन आलेल्या? आता काय, पंखा बी काढताय?"

"मालनताई, मी चुकले," शाल्मली म्हणाली. एवढंच बोलायचं तिने वाटेत ठरवलं होतं.

मालनताईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा. चूक ऐकायची तर बसून ऐकावी."

शाल्मलीने सगळं सांगितलं. मालनताईंनी मध्ये एकदाच थांबवलं.

"म्हंजे मी पाय थांबवला की गाड्या थांबायच्या?"

"हो."

"आनि दोरा तुटला तरी?"

"तरीसुद्धा."

मालनताई इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या गाळ्यातला कुलूपवाला डोकावला. "ऐकलंस का रं दिलावर? माझा दोरा तुटला की सगळ्या गावच्या गाड्या थांबायच्या! आनि हितं आनून बसवलंय मला, भिंतीम्होरं."

"पण तुम्ही पाय का थांबवायचात?" मुजावर सरांनी विचारलं. "इशारा द्यायला?"

"कशाचा इशारा? पोर पळाया निघालं की पाय आपसूक थांबतोय, सर. काळजात धस्स झाल्यावर कुनाचा पाय चालंल? कधी हाळी देती, कधी तेवढा बी वेळ नसतोय."

"पोर पळणार हे तुम्हाला दोन सेकंद आधी कसं कळतं? आमच्या फरशीला अर्धा सेकंद मिळतो."

"फरशीला डोळं हायत का?" मालनताई म्हणाल्या. त्यांनी मांडीवरचं निळं दप्तर उचललं आणि त्याचे दोन्ही पट्टे सरांसमोर धरले. "हे बगा. पट्टा कुठं झिजलाय? छातीपाशी. हातानं धरून धरून. पोर नुसतं उभं असलं की पट्ट्याला हात लावत न्हाई. पळायचं मनात आलं की आधी दोन्ही हातांनी पट्टं धरतंय, दप्तर पाठीवर आपटू नये म्हनून. मग पलीकडं बगतंय. मग पळतंय. एकवीस वर्सं दप्तरं शिवती मी. पोरांची तोंडं नंतर बगती, पट्टं आधी."

मुजावर सरांनी खिशातून छोटी वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. "हा सगळ्यात आधीचा झोक," ते शाल्मलीला म्हणाले. "तो हातात असतो. पायाखालच्या कंपकानाला कधीच सापडणार नाही."

"मग तिथं कॅमेरा लावू," कुंभोजकर म्हणाले. "पट्ट्यावरचे हात बघेल असा."

"लावू की. त्याला शिकवायला वर्ष जाईल. आणि पुढच्या दोनच वर्षांत मुलं पट्टा धरेनाशी होतील, चाकाची दप्तरं येतील. मग कॅमेऱ्याला कोण सांगणार?"

"मी सांगीन," मालनताई म्हणाल्या. "चाकं बी मीच बसवनार की त्यांची."

 प्रयोगशाळेत परत पोचताच शाल्मलीने शहरातल्या एकशे चौदा कोपऱ्यांचा नकाशा उघडला. बहुतेकांचा आकडा ऐंशीच्या आसपास होता. नव्वदच्या वर फक्त नऊ होते. हौदाची तिकटी आता त्यांतून गळली होती. राहिले आठ.

त्या आठांचे कंप तिने एकेक करून ऐकले. तालमीच्या कोपऱ्यावर चांभाराची हातोडी चालू होती, ठक ठक ठक, आणि थांबत होती. दवाखान्याच्या वळणावर कोणी चहासाठी आल्याचे तुकडे कुटत होतं. बसथांब्यापाशी परटाची जड इस्त्री टेबलावर आपटत होती. ग्रंथालयाच्या दारात रसवंतीचं हातानं फिरवायचं चाक घरघरत होतं. प्रत्येक ठिकाणी ठेका थांबे, सेकंद-दोन सेकंद जात आणि मग पाऊल पडे.

"कुंभोजकर साहेब," ती म्हणाली, "सोमवारची यादी वाचा."

कुंभोजकरांनी खिशातला कागद उघडला. "एक, तालमीचा कोपरा, चर्मकार. दोन, दवाखाना वळण, चहागाडा. तीन, बसथांबा, इस्त्री..." त्यांचा आवाज बारीक होत गेला. आठवं नाव त्यांनी वाचलंच नाही.

"गोंगाट जिथे सर्वांत जास्त, ते कोपरे मी निवडले होते," शाल्मली म्हणाली. "शहरातले सगळ्यात सुरक्षित आठ कोपरे. सोमवारी संध्याकाळपर्यंत आपण ते आठही बिघडवले असते."

कुंभोजकरांनी कागदाची घडी केली. "मॅडम, मला पटलं. पण आयुक्त माझ्या पटण्यावर हुकूम फिरवत नसतात. त्यांना आकडा लागतो."

"मग आकडा देऊ," मुजावर सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात नवा प्रयोग मांडतानाचा आनंद दिसला. "शनिवारी सकाळची शाळा असते. मुलं साडेसातला येतील, अकराला सुटतील. दोन खेपा मिळतात. मशीन सतराव्या फरशीवर ठेवायचं. शाळा भरताना मालनताईंच्या समोर चादर बांधायची. मशीन चालेल, पण त्यांना रस्ता दिसणार नाही. सुटताना चादर काढायची. बाकी सगळं तेच. आणि दोन्ही वेळी गाड्यांचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. प्रयोग आपला आहे, मुलं आपल्या प्रयोगाची नाहीत."

शनिवारी सकाळी सात वाजता मालनताई आपल्या जागेवर येऊन बसल्या. चादर बांधायला शाळेच्या शिपायानं झेंड्याचे दोन खांब दिले. मुलांनी पाहिलं तेव्हा एकच गलका झाला.

"मालनमावशी आली! मावशे, पडदा कशाला? नाटक हाय?"

"व्हय, नाटकच. तिकीट काढा न्हाईतर वर्गात पळा!" पडद्यामागून आवाज आला.

घंटा होईपर्यंत मशीन खटखटत राहिलं आणि एकदाही अवेळी थांबलं नाही. शाल्मलीने हातातल्या छोट्या पडद्यावर आकडा पाहिला. ऐंशी. मशीन जागेवर होतं, ठेका होता, तरी काही फरक पडला नव्हता. कुंभोजकरांनी तो आकडा आपल्या हाताने वहीत लिहून घेतला.

अकराच्या आधी चादर निघाली. मालनताईंनी चष्मा पदराने पुसला. घंटा झाली आणि फाटकातून मुलांचा लोंढा सुटला. मशीन चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. एकदा ते थांबलं तेव्हा शाल्मलीने वळून पाहिलं. गुडघ्याला पट्टी बांधलेली सायमा कडेला उभी होती, दोन्ही हात पट्ट्यांवर. पलीकडे तिची आजी हात हलवत होती. सायमा पळाली तेव्हा तिन्ही रस्त्यांवरच्या गाड्या केव्हाच थांबलेल्या होत्या.

नव्याण्णव.

दुपारी आयुक्तांनी सोमवारचा हुकूम थांबवला. त्याच बैठकीत शाल्मलीने नवी शिफारस ठेवली आणि तीही सहीनिशी. नऊही कोपऱ्यांवर काम करणाऱ्यांना कायमची जागा, डोक्यावर सावली आणि समोर रस्त्याचं मोकळं दृश्य असावं, पण चालणाऱ्यांना पुरेशी वाट राहावी अशा बेताने. जिथे असं कोणी नाही, तिथे कोणाला बसवता येईल ते वस्तीला विचारावं.

"आणि त्या बाई आजारी पडल्या तर?" आयुक्तांनी विचारलं होतं.

"त्याचंही लिहिलंय," शाल्मली म्हणाली होती. "पाच मिनिटं ठेका ऐकू आला नाही, तर गाड्यांनी समजायचं की या कोपऱ्यावर आज आपल्याला काही कळत नाही. आणि तिकटी दहाच्या वेगाने ओलांडायची. आधी हेच करायला हवं होतं. आपल्याला कळत नाही हे यंत्रणेला कळलं पाहिजे."

सोमवारी दुपारी, शाळा सुटायला वेळ असताना, ती तिकटीवर आली. नवी सावली अजून यायची होती. मालनताई एका लाल दप्तराची चेन बसवत होत्या.

"काय वं, आज पुन्हा फूटपट्टी?"

"नाही. हे बघायला आले." शाल्मलीने आपली खांद्याची पिशवी त्यांना दाखवली. पट्ट्याची शिवण उसवली होती.

"चार दिस वापरा तशीच. आधी पोरांची. तुमी काय पळनार हाय?"

शाल्मली हसली, पिशवी तशीच खांद्याला लावून ती कडेला येऊन उभी राहिली. पलीकडच्या पदपथावर मुजावर सर दिसले. ते कोणा दोन मुलांना शाळेच्या भिंतीला डावा खांदा टेकवून उभं करत होते. एक मूल पाय उचलायला धडपडत होतं आणि दुसरं पोट धरून हसत होतं. तिला एकदम वाटलं, हे जवळून बघावं.

मागचं खटखटणं थांबलं.

डावीकडून येणारी गाडी मंदावली आणि बरीच अलीकडे उभी राहिली. उजवीकडचीही थांबली. शाल्मलीने पायांकडे पाहिलं. दोन्ही पावलं फरशीवर जुळलेली होती. अजून तिने काही ठरवलं नव्हतं. मग तिने हाताकडे पाहिलं. उसवलेला पट्टा तिच्या मुठीत घट्ट धरलेला होता.

तिने मागे वळून पाहिलं.

"जावा आता," मालनताई म्हणाल्या. "सर बोलावत्यात."

ती अर्धा रस्ता ओलांडून गेली तेव्हा मशीन पुन्हा चालू झालं.